माळ आणि वेल

“आमच्या घराण्यात दारूच्या थेंबाला कोणी कधी शिवले नाही,” हे वाक्य मी आजवर इतक्या ठिकाणी उच्चारले आहे, की माझ्या नावापुढच्या एम. ए. या पदवीसारखेच तेही मला कायमचे चिकटून बसले आहे. लग्न ठरताना वडिलांनी ते माझ्या सासऱ्यांना ऐकवले. पुढे सहकाऱ्यांच्या मेजवान्यांत लिंबाच्या सरबताचा पेला हाती धरून मी ते ऐकवीत आलो. खरे सांगायचे तर या वाक्यात माझे स्वतःचे कर्तृत्व शून्य. आईचे माहेर पंढरपूरजवळच्या करकंबचे, माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपवास, आणि रात्री निजताना उशाशी वैद्यबुवांच्या औषधाची तांबडी बाटली. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या वाटेला मोह येणार तरी कुठून? जी लढाई कधी झालीच नाही, तिच्यात मिळालेल्या विजयाचे पदक मी छातीवर मिरवीत होतो, एवढेच.

गेल्या फेब्रुवारीत करकंबहून मामांचा फोन आला आणि या पदकाला पहिला धक्का बसला.

“मास्तर, दोन दिस सवड काढ,” मामा म्हणाले. “घरात निवाडा करायचाय.”

वाचकहो, शहरात मराठीच्या प्राध्यापकाला कोणी निवाडा करायला बोलावीत नाही. आमच्या घरी भिंतीला कोणता रंग द्यावा, हेही मला विचारले जात नाही. पण आजोळी मी अजून ‘शिकलेला भाचा’ आहे. तेव्हा मी आनंदाने रजा टाकली. आईला एवढेच सांगितले की मामाकडे जरा काम आहे. काम कसले, ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने टेंभुर्णीपर्यंत जावे आणि तिथून पंढरपूरकडे वळावे, म्हणजे वाटेत करकंब लागते. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. ढग येतात, तोंड दाखवतात आणि पुढे जातात. माझ्या लहानपणी आई सांगे की तिच्या लहानपणी इथे ज्वारीचे कणीस हीच श्रीमंती. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि पुढे हळूहळू या रानांचे रूप पालटले. जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला, द्राक्ष आले. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर द्राक्षाला नवी नावे दिली. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ ही वाणे आपल्या बागेतून निवडून काढली, ती आज महाराष्ट्रभर लावतात. तशा करकंबचे नाव पुण्यात काढले, की लोक पहिल्यांदा तिथल्या बाजार आमटीची चौकशी करतात. चार डाळींची, कपाळावर घाम आणणारी ही आमटी भाकरी कुस्करून खायची असते, नि खाल्ल्यावर काही वेळ कोणाशी बोलायचे नसते.

त्या रात्री मामींनी तीच आमटी केली होती. पण जेवताना कोणी बोलत नव्हते, ते तिखटामुळे नव्हे, हे माझ्या लवकरच ध्यानात आले.

मामांची पाच एकर बाग आहे. थॉमसन जातीची. द्राक्षे बाजारात पाठवीत नाहीत. त्यांचा बेदाणा करतात. बेदाण्याचे काम दिसायला सोपे. घड तोडायचे, पोटॅशियम कार्बोनेट नि तेल मिसळलेल्या पाण्यात बुडवायचे आणि शेडमध्ये जाळीच्या मांडवावर पसरायचे. दोन आठवड्यांनी वाळतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. परंतु हे दोन आठवडे म्हणजे परीक्षेचा निकाल लागण्याआधीचे दिवस. आदल्या वर्षी माल शेडात असताना अवकाळी पाऊस आला. हवा दमट झाली, बेदाणा काळवंडला, आणि पंढरपूरच्या सौद्यात त्याला जो भाव मिळाला तो मामांनी मला सांगितला नाही. मामींनी सांगितला, हळूच, भाकरी वाढताना.

धाकट्या मामेभावाने तेव्हापासून धोशा लावला होता. थॉमसन काढून टाकायची आणि वाइनची द्राक्षे लावायची. अकलूजच्या बाजूला लोक वाइन करतात, नाशिककडे करतात. मग आपण जुन्याला किती दिवस धरून बसायचे?

“दादा, तुम्हीच सांगा,” तो मला म्हणाला. “द्राक्ष ते द्राक्षच की. आपण विकल्यावर त्याचं पुढं काय करायचं ते घेणारा बघंल.”

“आन् मी गळ्यात माळ घालून दारूचा येल लावू?” मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तू शिकलेला हाईस. सांग, वाइन म्हंजी दारू का न्हाई?”

प्रश्न मला नवा नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा आमच्या कॉलेजच्या शिक्षकखोलीत यावर आठवडाभर वाद झाला होता. सरकार म्हणे, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील. विरोधक म्हणत, नाव बदलले म्हणून दारूचे दूध होत नाही. मी त्या वादात दोन्ही बाजूंनी सुरेख बोललो होतो. दोन्ही बाजूंनी सुरेख बोलता येणे ही आमच्या व्यवसायाची देणगी. पण शिक्षकखोलीतल्या वादानंतर चहा येतो, आणि इथे वादानंतर पाच एकर बाग उपटली जायची किंवा राहायची होती. माझी जीभ प्रथमच जड झाली.

“पाहिल्याशिवाय मत कसे देणार?” मी म्हणालो. निर्णय पुढे ढकलण्याची ही विद्वानांची जुनी रीत आहे.

मामा क्षणभर माझ्याकडे पाहात राहिले. “व्हय, ते खरं. उद्या जाऊ,” ते म्हणाले. “मी बी येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो. भीमा ओलांडली, अकलूज मागे टाकले. उसाची हिरवी रांग संपली की माळशिरस तालुक्यातले उघडे माळ सुरू होतात. लालसर मुरूम, बाभळी, मेंढरे आणि दूरवर उन्हात थरथरणारी हवा. पलीकडे माणदेश. मोटेवाडीच्या माळावर, जिथे बोरी बाभळीखेरीज काही दिसू नये, तिथे अचानक द्राक्षवेलींच्या सरळ ओळी दिसू लागल्या. हीच ती फ्राटेली.

फ्राटेली या इटालियन शब्दाचा अर्थ भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन घरांनी २००६-०७ च्या सुमारास हा संसार मांडला. रोपे फ्रान्सहून आणली. वाइन करणारा पिएरो मासी इटलीतल्या टस्कनीचा. तीन भावांच्या जोड्या एकत्र येऊन धंदा करतात आणि तो टिकतो, हे ऐकून मामांना वाइनपेक्षा अधिक नवल वाटले. “आमच्यात बांधावरनं कोर्टात जात्यात,” ते पुटपुटले.

आम्हांला बाग दाखवायला एक तरुण मुलगी आली. बोलणे शहरी, पण ‘ळ’ असा खणखणीत, की ही याच मातीतली हे कळावे. तिने मामांच्या गळ्यातली माळ पाहिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही नुसतं बघायला आलात तरी चालेल हं.”

मामा मात्र बघायला आलेले नव्हते, परीक्षा घ्यायला आले होते. वेलीजवळ जाऊन त्यांनी आधी बुंधा पाहिला. “कलम हाय. खाली रानटी, वर गोडी,” ते म्हणाले. मुलीने मान डोलावली. करकंबला थॉमसनही असाच ‘डॉगरिज’ नावाच्या अमेरिकन खुंटावर बांधतात. खारे पाणी आणि दुष्काळ हा खुंट सोसतो. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उजाड केल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी अमेरिकेतल्या रानवेलींच्या मुळांवर आपले वेल बांधले आणि जगवले. म्हणजे फ्रान्सचा अभिमानाचा वेलदेखील परक्याच्याच पायांवर उभा! ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. मामा ती बोटांनी वाचीत होते.

परवानगी घेऊन त्यांनी एक काळे द्राक्ष तोडले. केवढेसे ते, आपल्या खायच्या द्राक्षाच्या निम्मे. त्यांनी ते चावले, साल बराच वेळ घोळवली आणि बिया तळहातावर काढून उन्हात धरल्या.

“बी तपकिरी झालंय. दोन-चार दिसांत तोडशीला.”

मुलीचे डोळे मोठे झाले. “परवाच तोडणार आहोत, आजोबा.”

मग मामांनी एक मलाही दिले. ते भलतेच गोड होते. पण साल जाड, बिया मोठ्या, आणि मागून जीभ आवळून धरणारा तुरटपणा. हे कोणी परडीत घालून आजाऱ्याला भेटायला नेणार नाही. मामांनी मुलाकडे पाहिले. “हे खायाचं द्राक्ष न्हवं. कुनी घेतलं न्हाई तर बाजारात बसून इकता येत न्हाई.”

मामेभाऊ गप्प झाला. मला नाशिककडच्या शेतकऱ्यांची आठवण झाली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. पुढे २००८ च्या सुमारास मंदी आली, मागणी बसली, आणि कित्येकांनी हाताने लावलेले ते वेल हाताने उपटले. शिक्षकखोलीतल्या वादात हा मुद्दा मी ‘आर्थिक बाजू’ म्हणून मांडला होता. माळावर उभे राहून तो ऐकताना त्याला चेहरा होता, आणि तो माझ्या शेजारीच उभा होता.

आत गेलो. बाहेरच्या उन्हातून त्या थंड दालनात पाऊल टाकताच देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखे वाटले आणि ही उपमा सुचल्याबद्दल मला लगेच अपराधी वाटले. उंच चकचकीत पोलादी टाक्या, आणि पलीकडे ओक लाकडाची पिंपे निजलेली. मुलगी समजावून सांगत होती. पांढरी वाइन करताना साल आधीच वेगळी काढतात. तांबडीत साल रसातच राहू देतात, रंग आणि तुरटपणा तिचाच. मग यीस्ट ही सूक्ष्म बुरशी रसातली साखर खाते आणि तिचा मद्यार्क होतो. टाकी थंड ठेवायची, नाहीतर वास उडून जातो.

“आमच्या वैद्यबुवांकडं धायटीची फुलं घालायचे,” मामा मध्येच म्हणाले.

“कशात?” मी विचारले.

“द्राक्षासवात. फुलं पडली की रस खदखदाया लागायचा.” एवढे बोलून मामा स्वतःच एकदम थांबले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग दोघांनीही पिंपांकडे पाहिले.

शेवटी चव घेण्याचा विधी आला. लांब टेबल, पांढरे कापड, आणि प्रत्येकापुढे तळाशी दोन घोट तांबडी वाइन असलेला उंच देठाचा पेला. सांजोवेझे नावाच्या इटालियन द्राक्षाची. मुलगी म्हणाली, आधी रंग पाहा, मग पेला फिरवा, वास घ्या, आणि मग घोट घेऊन तो तोंडात सर्वत्र जाऊ द्या. घोट गिळलाच पाहिजे असे नाही. थुंकायला भांडे ठेवले होते. “हिच्यात चेरीचा वास येतो,” ती म्हणाली.

“चेरी?” मामा म्हणाले. “ती केकावर लाल असती ती?”

मामेभावाने घोट घेतला, डोळे मिटले आणि शहाण्यासारखी मान हलवली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. पेला माझ्या हातात होता. सत्तेचाळीस वर्षांचे ते एक वाक्य माझ्या ओठांवर होते आणि त्याच ओठांना काचेची थंड कड लागली होती. आईची माळ डोळ्यांपुढे आली. मी घोट घेतला.

“कशी आहे, सर?”

“छान!” मी म्हणालो.

हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लिहितो, विशेषतः जे मी पुरते वाचलेले नसतात त्यांच्यावर.

“छान म्हंजी काय?” मामा म्हणाले. “खरं सांग की.”

मला कोणी इतक्या सरळपणे फार वर्षांत टोकले नव्हते. मी पुन्हा घोट घेतला आणि या वेळी चवीकडे लक्ष दिले. “आंबट आहे, मामा. आणि तुरट. जीभ कोरडी पडते. मला आवडली नाही बहुतेक. पण नंतर मागे काहीतरी राहते, ते वाईट नाही.”

“मग तसं सांग.”

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. मुलगा दचकला. मामांनी तो ओठांपासून वीतभर दूर धरला, नाकाशी नेला आणि एक दीर्घ श्वास घेतला. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

“जांभूळ,” ते म्हणाले. “झाडाखाली पडल्यालं, पायानं चिरडल्यालं जांभूळ. आन् वर वळवाचं दोन थेंब पडल्यागत मातीचा वास.”

त्या मुलीने खिशातून वही काढली आणि ते शब्द लिहून घेतले. “आजोबा, चेरी आमच्याकडे येणाऱ्या किती लोकांनी झाडावर पाहिलेली असते कोण जाणे. आता मी जांभूळच सांगेन.”

मी मराठीचा प्राध्यापक. पंचवीस वर्षे ‘रस’ या शब्दावर व्याख्याने देतो. आणि ज्या माणसाने एक थेंब चाखला नाही, त्याने तिची चव माझ्यापेक्षा नेमकी सांगितली होती. त्याला शब्द शोधावा लागला नाही, कारण त्याने वास सोडला नव्हता. मी मात्र जन्मभर चवीआधी मत तयार ठेवीत आलो.

परतताना गाडीत मामांनी निवाडा दिला. माझी गरज उरली नव्हती.

“एक एकर तुझा,” ते मुलाला म्हणाले. “पर आधी घेनारा गाठायचा, त्याच्याकडनं कागदावर लिहून घ्यायचं, मग येल लावायचा. चार एकर बेदाना ऱ्हाईल. पाऊस काय रोज रोज न्हाई यायचा.”

“आणि माळ, मामा?” मी विचारले.

“माळ माझ्या गळ्यात हाय, येलाच्या न्हाई,” मामा म्हणाले. जरा वेळाने खिडकीबाहेर पाहात त्यांनी पुस्ती जोडली, “पर त्या एकराचा पैसा माझ्या वारीला लावायचा न्हाई. घर चालवा, पोरांस्नी शिकवा. माझी वारी बेदान्यावर.”

यात तर्कशास्त्राच्या दृष्टीने कुठे खोट आहे, हे मी दाखवू शकलो असतो. पण त्यातला प्रामाणिकपणा माझ्या कोणत्याही दुबाजूच्या भाषणात कधी नव्हता. मुलाला वाट मोकळी करून देताना त्यांनी आपली वाट सोडली नव्हती, आणि त्या दोन वाटांच्या मधला बांध त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता. कोर्टात न जाता.

पुण्याला परतलो तो मनात एकच बोचणी घेऊन. आईला सांगायचे की नाही? दोन दिवस मी ते टाळले. हिने सुचवले, “कशाला त्यांच्या जिवाला उगीच?” पण मामांचे ‘खरं सांग की’ कानात घुमत होते. तिसऱ्या रात्री आईच्या खोलीत गेलो. ती जप आटोपून अंथरुणावर बसली होती.

“आई, मी मामांबरोबर वाइनच्या कारखान्यात गेलो होतो. दोन घोट घेतले.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली. “तुझ्या मामाचा त्याच रात्री फोन आला होता. म्हणाला, आक्का, तो तुला सांगेल. सांगितलं नाही तर मला कळव.” मग चष्मा पुसत तिने विचारले, “लागली कशी?”

या प्रश्नाची मी अपेक्षा केली नव्हती. ‘छान’ जिभेवर आले होते, ते मी गिळले. “तुरट. जांभळासारखी.”

“म्हणजे थोडीफार याच्यासारखीच की!” तिने उशाशी असलेली तांबडी बाटली उचलून माझ्या हातात दिली. “वाच बघू, काय काय लिहिलंय. रात्रीचं मला दिसत नाही.”

बाटलीवर ‘द्राक्षासव’ असे ठळक लिहिले होते. मी वाचू लागलो. मनुका, धायटीची फुले, जेवणानंतर चार चमचे समभाग पाण्यातून. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण सांगणारी. मी तिथे थांबलो, क्षणभर आईच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिले, आणि बाटली हळूच खाली ठेवली.

“झालं?” आईने विचारले.

“झालं.”

“ती बारीक ओळ राहिली,” आई म्हणाली. “वैद्यबुवांनी ती मला तू जन्मायच्या आधी वाचून दाखवली होती. म्हणाले, औषध म्हणून मोजून घ्यायचं, आणि मोजायचं सोडलंस तर माळ उतरवून ठेवायची. मी आजवर मोजतेच आहे.”

तिने झाकण उघडले, चमचा पुढे केला आणि चार चमचे मोजून घेतले. मी पाणी ओतून दिले. खोलीत मनुकांचा आंबटगोड वास पसरला.

या दिवाळीला करकंबहून बेदाण्याची पेटी आली आहे. पिवळसर हिरवा, लांबट, नितळ. यंदा पाऊस चुकला असावा. मामेभावाने सोबत निरोप धाडला आहे की त्याने अजून वेल लावलेला नाही, घेणाऱ्याचा कागद हाती यायचा आहे. मी लक्ष्मीपूजनासाठी मूठभर बेदाणा वाटीत काढला, एक दाणा तोंडात टाकला, आणि हिने विचारले, “कसा आहे?”

मी लगेच उत्तर दिले नाही. आधी चावून पाहिला.